साधा राजीनामा

धाकटी : ...तर तू सांग आणि मी लिहिते, ताई. अक्षर माझं, भाषा तुझी. मला त्या 'महोदय'च्या पुढे काही सुचतच नाही.

थोरली : सुचत कसं नाही? अकरा वर्षं सरकारी प्रयोगशाळेत काढलीस ना?

धाकटी : पाणी तपासलं गं अकरा वर्षं. बाटल्या भरल्या, नळ्या धुतल्या. पत्रं लिहायला तिथे बाबू होते. आणि राजीनामा काय कुणी रोज देतं?

भावोजी : आमच्या घरात आहे की एक अनुभवी.

थोरली : अहो, तुम्ही लसूण सोला.

भावोजी : सोलतोय. त्यासाठी कान बंद ठेवावे लागतात का?

धाकटी : भावोजी, विचार करा, बुधवारी आम्ही दोघी बहिणी एका मजल्यावर! वजनमापे निरीक्षक! मी तर साहेबांना सांगूनही टाकलं, मला ताईच्या शेजारचं टेबल द्या म्हणून.

थोरली : कुठल्या साहेबांना?

धाकटी : तुमच्याच. शुक्रवारी कागद दाखवायला गेले होते ना. काय गोड माणूस आहे! चहा पाजला मला.

थोरली : आमच्या साहेबांनी? मला सात वर्षांत पाणी विचारलं नाही त्यांनी.

धाकटी : अय्या, मग तू मागितलं नसशील. बरं, सांग ना. आमच्या मॅडम म्हणाल्या की राजीनाम्याच्या दोन तऱ्हा असतात. एक तो तांत्रिक राजीनामा. त्याची फाईल मुख्य कार्यालयात जाणार, तिथून आदेश येणार, तोवर कसला बुधवार नि कसलं काय. दुसरा साधा. तो दिलास तर उद्याच्या उद्या सोडते म्हणाल्या.

थोरली : मग?

धाकटी : मग काय, साधाच देते म्हटलं. आमच्या ताईनं पोस्ट सोडलं तेव्हा साधाच दिला होता. तिचं सगळं आलंच की बरोबर. पोस्टातली नऊ वर्षं, पगार, साठलेली रजा, सगळं. हो ना गं?

भावोजी : ख्खं... ख्खं...

थोरली : काय झालं तुम्हाला?

भावोजी : लसणाचं साल. घशात गेलं.

धाकटी : पाणी प्या, भावोजी. आणि ऐक ना ताई, गंमत. आमच्या हिशेबातल्या काकांनी मला कागदावर मांडून दाखवलं. आत्ताचा पगार जसाच्या तसा तिकडे धरला ना, तर तिथे सात-आठ वर्षं घासलेल्यांच्याही वर मी जाते! मी म्हटलं, सगळ्यांच्या वर जाईन हो, आमची ताई सोडून. ती कुठच्या कुठे पुढे असेल.

थोरली : लिही.

धाकटी : हं.

थोरली : 'महोदय, विनंतीपूर्वक कळवते की माझी वजनमापे निरीक्षक या पदावर निवड झाली आहे.'

धाकटी : 'झाली... आहे.' वाचतानासुद्धा बरं वाटतं, नाही?

थोरली : 'सबब मी माझ्या सध्याच्या पदाचा राजीनामा देत आहे.' पूर्णविराम. 'तरी तो स्वीकारून मला तात्काळ कार्यमुक्त करावे.'

भावोजी : मधे एखादं वाक्य राहिल्यासारखं वाटतंय मला.

थोरली : तुमचं चष्म्याचं दुकान आहे. राजीनाम्यातली वाक्यं कधीपासून दिसायला लागली?

धाकटी : थांबा थांबा, भांडू नका, मॅडमचा फोन. इथे आवाज तुटतो तुमच्याकडे. गॅलरीत जाऊन बोलून येते.

भावोजी : गेली. आता सांगतेस की मी सांगू?

थोरली : तुम्ही शब्द दिलाय मला. माहेरी कुणाला कळू देणार नाही म्हणून.

भावोजी : दिला तेव्हा तुझं जायचं ते जाऊन बसलं होतं. आज तिचं जातंय.

थोरली : जाऊ दे ना मग! माझी नऊ वर्षं मातीत गेली, पहिल्या दिवशीच्या पोरासारखा पगार घेतला मी. तेव्हा कोण आडवं आलं?

भावोजी : आडवं यायला कळायला हवं ना कुणाला! तू अर्जच चोरून केलास. ऑफिसमार्फत पाठवला असतास तर सगळं टिकलं असतं. ऑफिसला नाही, घरी नाही, मला निकाल लागल्यावर कळलं.

थोरली : नापास झाले असते तर अख्खं पोस्ट हसलं असतं मला.

भावोजी : हिला हसलेच की. दोनदा आपटली. 'या निरीक्षकबाई' म्हणायचे तिला प्रयोगशाळेत. आणि ही आपल्याकडे येऊन त्याच्या नकला करून दाखवायची.

थोरली : तेच! तेच डोक्यात जातं माझ्या. लहानपणीही तेच. ही नापास झाली की बाबा हिला सिनेमाला न्यायचे, पोरीचं मन रमावं म्हणून. मी पहिली आले की 'बरं' म्हणायचे आणि पुन्हा पेपर उघडायचे. हिला पडता येतं हो. मला कुणी पडूच दिलं नाही. आणि आता त्या पडण्याचाही पगार हिलाच मिळणार!

भावोजी : हळू. ऐकेल ती.

थोरली : जळते मी. काय करू? सख्ख्या बहिणीवर जळते आणि आज लाजसुद्धा वाटत नाहीये. बुधवारी येईल, शेजारी बसेल, 'ताई, हा काटा कसा तपासायचा गं' विचारेल. मी शिकवायचं. आणि एक तारखेला तिचा पगार माझ्या वर. साहेबांचा चहा वेगळाच.

भावोजी : आणि तू गप्प बसलीस तर?

थोरली : तर शून्यापासून सुरू करेल. माझ्यासारखी. सात वर्षं माझ्या मागे. आणि मी कुठे खोटं बोलतेय? तिनं साधा राजीनामा मागितला, मी साधा सांगितला.

भावोजी : तुझे दुकानदार हेच सांगतात ना तुला? काटा तसाच आला होता, मी हात नाही लावला म्हणून?

थोरली : दुकानाच्या गोष्टी तुमच्या दुकानात. आली ती.

धाकटी : झालं, ठरलं! मॅडम म्हणाल्या सकाळी पत्र घेऊन ये, दुपारी मोकळी. म्हणाल्या, विचार केलायस ना नीट? मी म्हटलं, ताईला विचारलंय. तिचं कधी चुकत नाही.

थोरली : असं म्हणालीस?

धाकटी : मग! लहानपणापासून दुसरं काय ऐकलंय मी? ताई पहिली. ताईचं चुकत नाही. जरा ताईकडे बघ. बाई बाई, काय जळायचे मी तुझ्यावर! तुझ्या प्रगतिपुस्तकावर शाई सांडली होती, आठवतं?

थोरली : मांजरानं सांडली होती ती.

धाकटी : आपल्याकडे मांजर होतं का?

भावोजी : हे नवीनच कळतंय मला.

थोरली : तू? तू सांडलीस? आणि का म्हणून?

धाकटी : बाबांमुळे. तुझं ते पुस्तक खिशात घालून कामावर न्यायचे. येईल-जाईल त्याला दाखवायचे. मला बरोबर घेऊन गेले एकदा, सिनेमाच्या आधी, आणि त्या सगळ्या माणसांनी तुझे गुण मोठ्यानं वाचले. माझ्यासमोर. मला कसला सिनेमा दिसतोय मग? घरी आले आणि ओतली दौत.

थोरली : मला तर नुसतं 'बरं' म्हणायचे.

धाकटी : तुझ्यासमोर तसंच म्हणायचे. शेफारशील म्हणून. जाऊ दे, मेलं ते. सही कुठे करू? इथे खाली?

(थोरली पत्रावर हात ठेवते.)

धाकटी : ताई? अगं, उजवीकडे की डावीकडे?

थोरली : फाड ते.

धाकटी : काय?

थोरली : पत्र फाड, चिमे. साधा राजीनामा दिलास तर सगळं इथेच राहील. अकरा वर्षं, पगार, रजा. तिकडे नवी भरती म्हणून धरतील तुला.

धाकटी : पण तुझं तर आलं होतं...

थोरली : नाही आलं. काहीही नाही आलं. मी चोरून अर्ज केला होता, म्हणून मला साध्याशिवाय दुसरा राजीनामा देताच आला नाही. घरी सगळं आलं म्हणून सांगितलं, कारण माझं चुकत नाही ना कधी! तू तीन वेळा मॅडमची सही घेऊन, ऑफिसचा शिक्का मारून, उजळ माथ्यानं अर्ज केलास. तुझा हक्क आहे त्या तांत्रिक राजीनाम्यावर. तो सोडू नकोस.

धाकटी : म्हणजे आत्ता तुझा पगार...

थोरली : तुझ्यापेक्षा कमी आहे. तू आलीस की सगळ्या मजल्याला कळेल.

धाकटी : अगं, मग मघाशी का नाही बोललीस? अख्खं पत्र सांगितलंस मला. पूर्णविरामासकट.

भावोजी : मी चहा टाकू का?

थोरली : बसा तुम्ही. का नाही बोलले? तू माझ्या वर जाशील म्हणून. दुसरं कारण नाही. सही करून गेली असतीस तर मी दार लावून घेतलं असतं आणि आमटीला फोडणी दिली असती.

धाकटी : मला बुडवणार होतीस तू.

थोरली : हो.

धाकटी : दोन पोरं आहेत मला. माझा पगार कुठल्या कुठे खाली आला असता. आणि तू माझ्याशेजारी बसून रोज बघत राहिली असतीस?

थोरली : हो म्हटलं ना. आणखी किती वेळा म्हणवून घेणार आहेस?

(धाकटी पत्राचे आधी दोन, मग चार, मग पुष्कळ तुकडे करते.)

धाकटी : सांग. नवीन सांग.

थोरली : राग शांत होऊ दे आधी.

धाकटी : रागातच लिहिते. सांग.

थोरली : 'महोदय, मी या कार्यालयामार्फत रीतसर अर्ज केला होता आणि माझी वजनमापे निरीक्षक या पदावर निवड झाली आहे. सबब त्या पदावर रुजू होण्यासाठी मी तांत्रिक राजीनामा देत आहे.'

धाकटी : पुढे.

थोरली : 'माझी आजवरची सेवा अखंड धरण्यात यावी. माझ्या सध्याच्या वेतनाला संरक्षण मिळावे. शिल्लक रजा नव्या कार्यालयाकडे वर्ग करावी.' एकेक वाक्य वेगळ्या ओळीवर घे. एका ओळीत घातलंस तर एकच वाचतात ते.

धाकटी : आणि बुधवारचं काय? हा आदेश यायला पंधरवडा जाईल म्हणतात.

थोरली : त्याला दुसरा अर्ज. आमच्या ऑफिसच्या नावानं. रुजू व्हायला महिन्याची मुदत मागायची. मिळते, मागावी लागते फक्त. आमच्याकडे गेल्या वर्षी एकाला दिलीय.

धाकटी : मीच नेऊन देते उद्या.

थोरली : उद्या तू प्रयोगशाळेत असशील. दोन्हीकडे कशी पुरशील? मी देते साहेबांच्या हातात.

धाकटी : तू?

थोरली : नको असेल तर मंगळवारी रजा टाक आणि स्वतः जा. पण मंगळवार म्हणजे फार ताणल्यासारखं होईल. तू ठरव.

धाकटी : भावोजी, तुम्ही सांगा. देऊ हिच्याकडे?

भावोजी : मला नको विचारू, बाई. मला सात वर्षं सगळं माहीत होतं आणि मी लसूण सोलत बसलो होतो.

धाकटी : कागद द्या आणखी एक.

थोरली : कोरा आहे ना बघ. मागे वाणसामानाची यादी असते कधी कधी.

धाकटी : कळतं मला. सांग काय लिहायचं ते. हळू सांग.

थोरली : हळूच सांगतेय. 'महोदय...'

धाकटी : झालं. ही सही. हा राजीनामा माझ्याजवळ. आणि हा मुदतीचा अर्ज... हा ठेवते इथे टेबलावर. येते मी.

भावोजी : अगं, पान वाढायला घेतलंय. दोन घास खाऊन जा.

धाकटी : नको, भावोजी. आज नाही जाणार घशाखाली. ताई, शेजारच्या टेबलाचं मी साहेबांना बोलले होते ना, ते... ते बघू नंतर.

थोरली : बघू. जिना जपून उतर, तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेलाय.

भावोजी : गेली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

थोरली : कशाला बघेल?

भावोजी : पण सांगून मोकळी झालीस. बरं वाटलं असेल.

थोरली : अजिबात नाही. पोटात दुखायचं ते दुखतंयच. महिन्याभरानं ती येणार, माझ्याहून जास्त घेणार, आणि मला दर एक तारखेला दुखणार. तुम्हाला काय वाटलं, बोललं की जातं ते?

भावोजी : मग अर्ज?

थोरली : साहेब आले की पहिला कागद हाच जायला हवा त्यांच्यापुढे, नाहीतर ढिगात पडून राहील. उद्या मी लवकर निघणार, डबा लवकर भरा.

भावोजी : भरतो. आण, घडी घालून तुझ्या पर्समध्ये ठेवतो.

थोरली : घडी नका घालू हो. कपाटातली ती मोठी फाईल द्या इकडे.