आत्याच्या चिठ्ठीतला एक शब्द

मी तो शब्द वेळेवर विचारला असता, तर सुमनआत्या आज असती का? तुम्ही सगळे कामाच्या दिवशी दुकानं बंद करून आलात. तुमच्यासमोर हे बोलणं फार जड जातंय. तरी बोलते.

अख्ख्या वणीचे कपडे आत्यानं प्रेस केले. तीस वर्षं ती इस्त्रीच्या त्या टेबलापुढे उभी होती. पायांच्या नसा दोरीसारख्या वर आलेल्या, लुगड्याखाली झाकलेल्या. घोट्याजवळची जखम वाहायला लागली, तेव्हा कुठं दवाखान्यात गेली.

येऊन चिठ्ठी माझ्या हातात दिली. "वाच न पोरी. घरात तूच त बीए झाली."

चिठ्ठीवर होतं, व्हेरिकोज अल्सर. अल्सर म्हणजे जखम, एवढं मला येत होतं. आधीचा शब्द येत नव्हता. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मला लाज वाटली. म्हणाले, "जखम आहे, आत्या. मलम लाव."

"जखम त मलेही दिसते! यासाठी शिकली का तू?" ती हसली आणि परत इस्त्री उचलली.

मागच्या सोमवारी दुकानातच नस फुटली. कोणी ओरडलं, "बसवा तिले, खुर्ची आणा!" आम्ही बसवलं. पाय खाली लोंबत होता. ओढणी करकचून बांधली, पाणी पाजलं. रक्त थांबेना. तिला आडवं करायचं होतं. पाय उंच धरून जखम दाबायची होती. हे आम्हाला दवाखान्यात कळलं. तेव्हा ती गेली होती.

मग मी डॉक्टरांना तो शब्द विचारला. ते म्हणाले, नसेतल्या झडपा निकामी झाल्या की रक्त वर चढत नाही. खाली साचतं, नस फुगते, वाकडीतिकडी होते. अशी नस व्हेरिकोज. तिच्यामुळे झालेली जखमही व्हेरिकोज. म्हणजे दुखणं नसेत होतं, आणि मी मलम लावायला सांगितलं.

बायांनो, पाय झाकू नका, दाखवा. आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांनो, येत नसेल तर येत नाही म्हणा.

श्रद्धांजलीला उभं राहायची रीत आहे. आज राहू नका. ती पुष्कळ उभी राहिली. बसूनच दोन मिनिटं शांत राहू या. त्याआधी एवढंच सांगते, आत्याच्या जागी आता माझी आई प्रेस करते. काल सुताराला बोलावून मी टेबलाचे पाय कापून घेतले.