एमाच्या आईला विचारायचा प्रश्न

परवा रात्रभर मला झोप नाही, कारण काय तर एक प्रश्न. आमची सहा वर्षांची ईरा पहिल्यांदाच मैत्रिणीकडे, एमाकडे, खेळायला जाणार होती. आणि त्यांच्या घरात बंदूक असली तर?

नवरा म्हणाला, "अगं, इथे घरात बंदूक ठेवणं कायदेशीर आहे. लॉक करून ठेवता का, एवढंच विचार."

एवढंच म्हणे. मला लोकांच्या घरी पाणी हवंय हेसुद्धा धड सांगता येत नाही. तरी मी आमचं अख्खं बॉथेल गाव ओलांडेपर्यंत गाडीत ते वाक्य घोकत होते.

एमाच्या आईने, केलीने, दार उघडलं. मी लाडवांचा डबा पुढे केला आणि विचारलं, "तुमच्याकडे कुत्रा आहे का?"

"नाही."

"मांजर?"

ईराला माझी कीव आली असावी. ती म्हणाली, "ममाला बंदुकीचं विचारायचंय. गाडीत प्रॅक्टिस करत होती."

मला तिथेच गडप व्हावंसं वाटलं. केली मात्र शांतपणे म्हणाली, "आहे, पण तिजोरीत असते, कुलूप लावून. बरं झालं विचारलंत. शनिवारी एमा तुमच्याकडे येणार, तर मलाही विचारायचंच होतं. तुमच्याकडे आहे काही?"

"छे, आमच्याकडे कसलं आलंय हत्यार," मी सुटल्यासारखी हसले.

"तलवार आहे ना," ईरा म्हणाली. "बाबाची, शिवजयंतीची. टीव्हीच्या वर टांगलीय. माझ्या बर्थडेचा केक आम्ही तिनेच कापतो."