बारावा गोळा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय सुलभाताई वझलवार, व्यासपीठावरचे आपल्या मंडळाचे सचिव आणि रेल्वेतले वरिष्ठ अभियंते श्री. धैर्यशील घोरपडे, आजचे सत्कारमूर्ती आणि नोकरीतले माझे गुरू डॉ. पंढरीनाथ बेलसरे, सौ. विजयावहिनी, आणि लखनौत तीस-तीस वर्षं काढूनही घरात मराठी बोलण्याचा हट्ट न सोडलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सरांना निरोप द्यायचा म्हणून मी चार पानं लिहून आणली होती. त्यात सरांची शिस्त होती, डब्यातला ठेचा होता, विजयावहिनींच्या हातच्या पुरणपोळीवर आमच्या सगळ्या विभागाने मारलेला ताव होता. ती पानं खिशातच राहू देत. वीस मिनिटांपूर्वी धैर्यशीलरावांनी या पडद्यावर नकाशा दाखवला. हजरतगंजातल्या भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवणाऱ्या आपल्या मंडळाला अखेर स्वतःची जागा मिळाली. अमौसी विमानतळाच्या पलीकडे, आमच्या संरक्षण संशोधन केंद्राचं जे जुनं चाचणी मैदान बंद झालं, त्याचाच एक तुकडा. परवा भूमिपूजन, आणि त्याआधी उद्या सकाळी आठ वाजता जमीन सारखी करायला जेसीबी. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वाजवता वाजवता नकाशाच्या कोपऱ्यातला त्या मैदानाच्या पट्टीचा नंबर वाचला, चार, आणि माझे हात थांबले.

म्हणून सगळ्यात आधी विनंती करतो. उद्या ते मशीन त्या जागेवर जाऊ नये. का जाऊ नये, ते सांगायलाच मी उभा आहे. सांगायला जरा वेळ लागेल, कारण त्यात माझी लाज गुंतलेली आहे.

धैर्यशीलराव हसताहेत. 'अरे यार श्रीरंग, सत्कारावर बोल ना,' म्हणताहेत. सत्कारावरच बोलतोय हो. सरांचं काम काय होतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? 'ते कुठेतरी सायंटिस्ट आहेत' यापलीकडे आपण कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही उखळी तोफेच्या गोळ्यांचे फ्यूज तपासायचो. गोळ्याच्या नाकाशी फ्यूज बसवलेला असतो. गोळा जमिनीला टेकला की फ्यूजने त्याला फोडायचं. तो फोडतो की नाही, एवढंच बघण्यात आमची हयात गेली.

मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच रविवारी सर मला सत्तावन्नच्या वेढ्यात पडलेल्या इंग्रजांच्या रेसिडेन्सीत घेऊन गेले. मला वाटलं, नवीन माणसाला लखनौ दाखवताहेत. त्यांनी मला एका पडक्या भिंतीपाशी उभं केलं, तोफगोळ्याने पडलेल्या भोकात हात घालायला लावला आणि विचारलं, 'हे पाडणाऱ्याला आतला माणूस दिसत होता का?' मी म्हटलं, नसावा. 'मग तुझी नोकरी इथून सुरू होते,' म्हणाले.

लांबून मारणं ही माणसाची फार जुनी हौस आहे. ज्वारीवरची पाखरं उडवायची गोफण आपल्या आजोबा-पणजोबांनी हातात धरली, तीच गोफण जगभर लढाईत चालली. पण गोफणवाल्याला समोरच्याचा चेहरा दिसायचा. मग धनुष्य आलं, पल्ला दोन-अडीचशे पावलांवर गेला, चेहरा धूसर झाला. मग तोफ आली. पानिपतावर आमच्या तोफा मोठ्या होत्या, लांब पल्ल्याच्या होत्या, आणि शत्रूच्या उंटांवर जंबुरका, म्हणजे हलक्या छोट्या तोफा, होत्या. मोठ्या तोफांचे गोळे पुष्कळदा गिलच्यांच्या डोक्यावरून पलीकडे पडले असं सांगतात. डागणाऱ्याने धुरात बघायचं तरी काय? सर म्हणायचे, आपण पल्ला जिंकला आणि निशाण हरलो. पुढे पहिल्या महायुद्धात शंभर किलोमीटरहून लांबून पॅरिसवर गोळे पडले. लोक आकाशात विमान शोधत राहिले, कारण इतक्या लांब तोफ असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि आज? आज एका देशात खुर्चीवर बसलेला माणूस दुसऱ्या देशातलं घर पाडतो आणि संध्याकाळी मुलांना क्लासहून आणायला जातो. त्याचा जेवणावर काही परिणाम होत असेल का? मला खरंच माहीत नाही.

सरांनी यावर एक नियम केला होता. तो कुठल्या पुस्तकात नव्हता, आमच्या विभागापुरता होता. जो डागेल तोच चालत जाईल. तोफेपासून निशाणापर्यंत चार किलोमीटर. गाडीने अर्ध्यापर्यंत, पुढे पायी, उन्हात, हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन. जितके गोळे डागले तितके खड्डे मोजायचे. प्रत्येक खड्ड्याच्या कडेला उभं राहायचं, खाली बघायचं, मगच खूण करायची. कान फसतात, दुर्बीण फसते, म्हणून पायांनी मोजायचं. आकडा जुळला तर घरी. नाही जुळला तर न फुटलेला गोळा मातीत आहे असं धरायचं, सगळं काम थांबवायचं आणि तो सापडेपर्यंत बोटाबोटाने जमीन तपासायची. त्याला दोन दिवस लागोत की दहा. आम्ही पाठीमागे सरांना 'खड्डेमास्तर' म्हणायचो. सर, आज सांगून टाकतो, हे नाव मीच ठेवलं होतं.

हसलात, बरं वाटलं. आता हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीचा मे महिना. चार नंबरची पट्टी. बारा गोळे डागायचे होते, डागणारा मी. शेवटचे दोन पाठोपाठ गेले आणि नेमकं त्याच वेळी अमौसीहून विमान उडालं, अगदी डोक्यावरून. बार किती झाले? दुर्बिणीवरचा म्हणाला बारा. वायरलेसवरचा म्हणाला अकरा. सरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, म्हणजे जा, मोजून ये.

अमृता, तू निवेदन करतेस, मधे बोलायचा तुला हक्क आहे. ती विचारतेय, 'काका, गिनने कौन गया था?' बाळ, मीच गेलो होतो. एकटा.

अकरा खड्डे होते. मी दोनदा मोजले. सरळ मोजले, उलटे मोजले. अकराच. अकरावा खड्डा जरा रुंद होता, एका बाजूने माती जास्त ढासळलेली होती. मी त्याच्या काठावर उभा राहिलो आणि मला रेसिडेन्सीची दुसरी गोष्ट आठवली, तीही सरांनीच सांगितलेली. सत्तावन्न साली तिथला मुख्य इंग्रज अधिकारी ज्या खोलीत बसायचा, त्या खोलीत एक गोळा येऊन फुटला. त्याला काही झालं नाही. लोक म्हणाले, खोली बदला. तो म्हणाला, पुन्हा इथेच गोळा टाकील इतका तरबेज तोफची त्यांच्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत दुसरा गोळा आला आणि तो त्यात गेला. सरांनी ही गोष्ट सांगितली होती ती माणसाने फाजील भरवसा ठेवू नये म्हणून. मी तिचा उपयोग काय केला? मी म्हटलं, बघ, एका जागी दोन पडू शकतात. या रुंद खड्ड्यात दोन पडलेत. आणि पाटीवर बारावी खूण केली.

का केली? फार मोठं काही कारण नाही, हेच सांगायला जड जातंय. माझी बहीण माणिक, तिच्या लग्नाचा बस्ता त्या संध्याकाळी अमीनाबादला बांधायचा होता. आई नागपूरहून तीन दिवसांसाठी आली होती, दुकानदाराकडे साड्या काढून ठेवल्या होत्या. अकरा लिहिलं असतं तर मी चार दिवस मैदानातून हललो नसतो. मी मागे आलो. सरांनी विचारलं, 'श्रीरंग, बारा?' मी म्हटलं, 'बारा, सर.' त्यांनी पाटी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि सही केली. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावत आलो. खरं म्हणजे नसतं सांगितलं. संध्याकाळी मी अमीनाबादच्या गर्दीत साड्यांचे रंग पसंत करत होतो.

नंतरही बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशी आलं असतं, दुसऱ्या वर्षी आलं असतं. पण दर वर्षी ते अधिक अवघड होत गेलं. मग मी मनाशी म्हटलं, तारेचं कुंपण आहे, पहारा आहे, बाभळी माजल्यात, तिथे कोण मरायला जातंय? मग माझी बदली झाली, बारा वर्षं बाहेर राहिलो, दीड महिन्यापूर्वी परत आलो. मधल्या काळात मैदान बंद झालं. बंद करताना नियम असा ठरला की ज्या पट्टीत डागलेले आणि फुटलेले आकडे जुळत नाहीत, ती मीटरभर खोल तपासायची. जिथे जुळतात, तिथे यंत्र वरवर फिरवायचं. चार नंबरची पट्टी जुळत होती. माझ्या अक्षरात जुळत होती. त्या आधारावर सरांनी निवृत्तीपूर्वीचं शेवटचं मोठं काम म्हणून जमीन निर्धोक असल्याच्या दाखल्यावर सही केली, आणि तोच दाखला धैर्यशीलरावांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लावलेला आहे.

बंधुभगिनींनो, फ्रान्समधल्या शेतकऱ्यांच्या नांगराला शंभर वर्षांपूर्वीचे गोळे अजून लागतात. ज्यांनी ते डागले त्यांची नातवंडंसुद्धा म्हातारी झाली. आम्ही पल्ला मोजायचो तो मीटरमध्ये. माझा बारावा गोळा एकोणीस वर्षं चाललाच आहे, आणि आता तो तुमच्या अंगणाच्या दिशेने येतोय. मातीत राहून तो निवत नाही. उलट फ्यूज गंजतो, हळवा होतो, आणि मग फावड्याचा धक्काही पुरतो. नकाशावर तुम्ही 'बालवाडी' असं जिथे गुलाबी रंगात लिहिलंय, धैर्यशीलराव, साधारण तिथेच तो रुंद खड्डा होता, आणि त्याच्या पाठोपाठ गेलेला बारावा त्याच्याच आसपास असणार.

आता कुणी हसत नाहीये.

सर, नाही, तुम्ही शाल काढू नका. नारळही ठेवू नका खाली. सही तुमची आहे, पण आकडा माझा आहे. वहिनी, सांगा ना त्यांना. उद्या केंद्राला सुट्टी, परवा सकाळी मी तिथे जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त काही जाईल. माणिकची मुलगी आता अठरा वर्षांची आहे, तिला काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. पण उद्याच्या आठ वाजेपर्यंत आपल्या हातात वेळ आहे. शांतपणे मशीनवाल्याला कळवू, पोलिसांना कळवू, आमची शोधपथकाची माणसं बोलावू.

काय? जरा मोठ्याने बोला, धैर्यशीलराव.

कधी गेलं?

ठेकेदाराला उद्या दुसरीकडे काम निघालं, म्हणून मशीन आज दुपारी तीनलाच लावलं. सपाटी चालू आहे. मी बोलत असताना ठेकेदाराकडून फोटो आला होता, तो यांनी आत्ता उघडला, असं हे म्हणताहेत. आता साडेपाच वाजलेत. आणि मी इथे उभा राहून तुम्हाला पानिपत सांगत बसलो. 'मशीन थांबवा' एवढंच वाक्य मला सगळ्यात आधी बोलायला हवं होतं, कुणाच्या तरी कानात, तो नकाशा दिसला त्याच क्षणी. एकोणीस वर्षांपूर्वीही मला थोडाच वेळ हवा होता.

ड्रायव्हरचं नाव काय? रामसजीवन. त्याला फोन लावा. ठेकेदाराला नको, थेट रामसजीवनला. वाजतोय? इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जात नसेल, लावत राहा. अमृता, तू पोलीस कंट्रोलला लाव, बॉम्बशोधक पथक पाठवा म्हण. सर, तुम्ही केंद्राच्या ड्यूटी अधिकाऱ्याला लावा, तुमचा आवाज ते ओळखतात. धैर्यशीलराव, त्याने उचलला की हिंदीत नीट सांगा: भैया, मशीन जहाँ है वहीं बंद करो, मशीन का बकेट मत हिलाओ, उतरकर पहियों के अपने ही निशान पर चलते हुए सड़क तक आओ. इधर-उधर पाँव मत रखना. दोनदा सांगा, आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या.

मी निघतोय. गाडीत कुणीही माझ्याबरोबर येऊ नका.

सुलभाताई, आपण मला बोलायला उभं केलंत, याबद्दल ऋणी आहे. सर, आपण मला काम शिकवलंत, ते मी शिकलो नाही. सभागृहाने एवढा वेळ ऐकून घेतलं, सगळ्यांचे आभार. अजून वाजतोय? वाजू द्या, कापू नका. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते पोटात घाला. ती बारावी खूण मात्र घालू नका.