भोपळ्यावरचा पंजा

रिसोडच्या एस्टी स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोघी बोलत होत्या. म्हातारी नदीच्या वरल्या गावची, दुसरी खालच्या गावची.

"केशरकाकू, तुमच्याच घरी येत होती. भोपळा परत द्याले."

"कोनता भोपळा, बेबी?"

"पुंजाजीकाकाचा. पानी चढलं का काका सुक्या भोपळ्यावर तेलागेरूचा पंजा उठवून नदीत सोडतात ना, तोच. तो दिसला म्हनून सारं गाव टेकडीवर गेलं."

"यंदा तं सरकारनं भोंगा बसवला तुमच्याकडं. वरून बिनतारीनं खबर येते म्हने."

"वाजला ना. पन पानी घरात शिरल्यावर. घ्या, दरसालसारखी जवारी भरून आनली त्याच्यात."

"तुले कोनी सांगतलं नाही का? तुहे काका होळीलेच वारले."

"मंग हा कोनं सोडला?"

"मले काय मालूम? मी यंदा भोपळ्याचा वेल बी लावला नाही."

"पंजा तं त्याईचाच हाये, काकू. पाहा, करंगळी तुटकी."

"हाव. त्याईचाच हाये."

"काकू, तुमी हात मांगं काहून घेतला?"

"पूर आला त्या दिवशी सकाळी त्याईची गेरूची वाटी ओली दिसली होती मले. वाटलं, मांजरीनं तेल सांडलं असन."

"घ्या ना भोपळा."

"ठेव तुह्याजवळ. ते समोरची गाडी तुह्याच गावाले जाते ना? बस तिच्यात. लोकाले टेकडीवर ने."

"कायले? पानी तं उतरलं. भोंगा बी चूप हाये."

"वाटी आज सकाळी बी ओलीच होती, बेबी."