खिडकीतला बटाटा

...आणि उत्तर जपानातल्या सेंदाईच्या त्या थंडीत मी दोन-दोन पायमोजे चढवून कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या मेजाच्या, पांघरुणात कंबरेपर्यंत घुसलेली, आणि घरातली एकुलती एक उन्हाची खिडकी कोणाला? बटाट्याला! तुम्हाला सांगते, त्याला झाड म्हणायची माझी अजून तयारी नाही. मादागास्करहून आलेला, पोट सुटलेला, डोक्यावर बोटभर काटेरी फांद्या, पान म्हणाल तर एक नाही. आमचे हे, योशिनोबु, त्याला ‘राजे’ म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झाली, माझी गाडी ‘अगं’च्या पुढे सरकली नाही. गरम गादी कोणाच्या बुडाखाली? बटाट्याच्या! छोटा पंखा कोणासाठी? बटाट्यासाठी!

मग ह्यांची बदली झाली, पार दक्षिणेला, कागोशिमाला. आता बदलीच्या गावी नवऱ्याने एकट्याने राहायचं आणि बायकोने घर सांभाळायचं, ही आमच्याकडची रीतच. स्टेशनवर गाडीच्या दारात उभं राहून मला काय म्हणाले असतील? जपून राहा? छे! “हिवाळाभर पाणी घालू नकोस, झोपलेला असतो तो. रोज फक्त बोटाने दाबून बघ, टणक आहे ना.”

मग रोज फोन, आणि पहिला प्रश्न, “टणक आहे ना?” मला ताप भरला, तेव्हाही “टणक आहे ना?” अहो, मी मऊ पडले होते त्याचं काय? असा जळफळाट झाला म्हणता! एके दिवशी किटली घेऊनच उभी राहिले, चांगलं भिजवलं की कुजून मोकळा... पण सवयीने बोट गेलं, तर ते पोट उन्हाने कोमट झालेलं. त्या घरात कोमट दुसरं होतं कोण? किटली ठेवली खाली आणि तिथेच टेकले. सासूबाईंचं गाऱ्हाणं सांगितलं, शेजारच्या निशिवाकीबाईंचं सांगितलं... सगळं ऐकून घेतो हो, मध्येच चहा मागत नाही!

मार्चअखेर त्याच्या डोक्यावर पिवळं फूल आलं. ह्यांना मी सांगितलंच नाही. का सांगू?

मेच्या सुट्टीत हे आले, बूट काढले आणि थेट खिडकीशी. “छान सांभाळलास गं,” म्हणाले. मी जरा लाजतेय, तोच, “कागोशिमा गरम आहे, त्याला मानवेल. घेऊन जातो.” आणि नेला, मांडीवर घेऊन! गरम आहे, तुला मानवेल, असं मला कधी म्हणाले?

आता खिडकीत ऊनच ऊन. मी बसत नाही तिथे.

काल फोन मीच केला. ह्यांनी उचलला, मी म्हटलं, “टणक आहे ना?”

तिकडून एक शिंक आली. मग बारीक आवाजात, “अगं, मला सर्दी झालीये...”

“ते असू दे हो. आधी त्याच्या कानाला लावा फोन.”