वंदनाच्या वह्या

बसा मंडळी, बसा. उन्हातून आलात. कोणी भैंशाहून, कोणी बाजारहत्नूरहून. मले बोलता येत नाई. आमी फुंकणारी माणसं, आमचं शब्दाशी जमत नाई. पण आज वंदनाचं तेरावं, तिच्यासाठी बोलीन. काहींले कडू लागंल. लागू द्या.

मी मारोती. लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवतो. वंदना याच भीमपूरची, भाजीवाल्या गणपतरावांची पोरगी. भजनात पेटी वाजवायची, मंग नांदेडले जाऊन व्हायोलिन शिकली. चौतीस वर्षांची होती. चौतीस.

चार वर्षांमागं श्रीकांत तिच्याकडं आला. आदिलाबादचा पोरगा. हैदराबादेत कॉलेज केलं, दोस्तांचा बँड काढला. मागं कोणती कंपनी नाई, अल्बम स्वतःच करणार. गाणी त्याची होती, खोटं काऊन बोलू? गोड होती. पण नुसती गिटार अन् गळा. वंदना ऐकून म्हणे, ही गाणी उघडी फिरून राह्यली, यांच्या अंगावर कपडे पाहिजेत.

ते कपडे तिनं शिवले. तिचं व्हायोलिन, पाच क्लॅरिनेट, चार ट्रम्पेट, तीन ढोल. आमी लग्नात वाजवणारे बारा जण तिनं गोळा केले. बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात बसवले, कारण तिथं आवाज घुमतो. कापसाचे तंतू नाकात जायचे, शिंका यायच्या, ती हसायची. आमच्यातल्या एकालेही नोटेशन वाचता येत नव्हतं. तिनं एकेकाले जवळ बसवलं, त्याचा त्याचा सूर गाऊन शिकवला. अन् सारं लांब वह्यांत सारेगमेत लिहून ठेवलं.

अल्बम निघाला. लोक वेडे झाले. मुलाखतीत कोणीतरी श्रीकांतले विचारलं, एवढी वाद्यं कोणी बसवली? हा म्हणाला, "मले ती आपोआप ऐकू येत होती."

आपोआप!

वंदनाचं नाव नाई. मुलाखतीत नाई, कव्हरवर नाई, कुठंच नाई. आमी दोघं तिच्या ओट्यावर बसून ते फोनवर पाहून राह्यलो होतो. तिनं फोन पालथा ठेवला अन् वांगी निवडायले घेतली.

मंग तिच्या किडन्या गेल्या. दोन वर्षं आदिलाबादले डायलिसिस. श्रीकांत एकदा आला? एक फोन केला? दवाखान्यापासून त्याचं घर चालत जाण्याएवढं आहे, मंडळी.

परवा आला. तेरावं व्हायच्या आत आला. रडला. मंग हळूच म्हणे, हैदराबादले मोठा कार्यक्रम आहे, मारोतीभाऊ, वंदनाच्या वह्या पाहिजेत, अन् तुमी बारा जण बी.

तो इथंच बसला आहे. खाली पाहू नको, श्रीकांत. सगळ्यांसमोर ऐक. वह्या माझ्याकडं आहेत. मिळणार नाईत. आमी बारा जण येणार नाई. तुझ्या कार्यक्रमाच्या दिवशी आमी भैंशात एका लग्नात वाजवणार, सुपारी घेतली आहे. तू तिकडं गिटार घेऊन एकटा उभा राहा. लोक विचारतील, बाकीचं कुठं गेलं? तवा सांग त्यांले, तुझ्या तोंडानं सांग. अन् सांगितलंस तरी वह्या मिळणार नाईत. ती ऐकायले होती तवा सांगायचं होतं.

आता एक गोष्ट लपवली तर मी बी त्याच्यासारखाच होईन. शेवटच्या आठवड्यात वंदनानं वह्या माझ्या हाती दिल्या. म्हणाली, "तो मागायले येईल, भाऊ. देऊन टाकजो. गाण्यांचा काय गुन्हा?"

मी हो म्हणालो होतो. मरणाऱ्या माणसाले हो म्हणालो, अन् आज तो शब्द मोडून राह्यलो. गणपतराव, तुमी तिचे बाप. तुमालेही हे आत्ताच कळून राह्यलं. मले काय बोलायचं ते बोला, मी मान खाली घालून ऐकीन. पण वह्या देणार नाई.

वंदना, माय, तुझं मन मोठं होतं. माझं तेवढं नाई. तू त्याले माफ केलंस, मले नाई केलंस तरी चालंल.

उठा मंडळी. दोन मिनिटं तिच्यासाठी गप्प उभे राहू.

श्रीकांत, तू बी ऊठ.