कपातलं गप्प पाणी

— नाही हो दादा, हे मायक्रोवेव्ह मशीनच बिघडलंय, तुमच्या तपासणीच्या कागदावर तेवढं आधी लिहून टाका, मग उघडा, खोला, काय हवं ते करा. अकरा वर्षं या ऑफिसातले डबे मीच गरम करते, मला कळत नाही होय? भात असला की वरून पाण्याचा हबका मारायचा, नाहीतर नुसते खडे. पाव वीस सेकंदांच्या वर गेला की चामडं. उकडलेलं अंडं — ते अर्धं चिरल्याशिवाय आत ठेवायचंच नाही, असं फुटतं की दार धुवत बसावं लागतं. सूप कडेला उकळतं आणि मधे गार, म्हणून अर्ध्यावर काढून ढवळायचं. आणि मासे — माशांचं तर नावच काढू नका.

का म्हणजे? माझ्याच डब्यातले होते, गेल्या सोमवारी. रिसेप्शनवरची पोरगी थेट साहेबांकडे — मावशींनी सगळा मजला घाण केला म्हणे. सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली मी, या वयात! आणि जिच्यासाठी मी रोज... जाऊ दे. राग नाही हो मला तिचा, आता तर मुळीच नाही. डोळ्याला पट्टी आहे तिच्या. उद्या काढणार. दिसेल ना हो तिला? मी गेले होते बघायला, तिची आई उशाशी बसलेली — दारातूनच मागे फिरले.

साहेब विचारतात, कप बाहेर काढला कोणी? मीच. तिच्या हातात दिला कोणी? मीच. पण पाणी कसं होतं माहितीये — एक बुडबुडा नाही! दोनदा गरम केलं होतं, ती फोनवर बोलत बसली म्हणून. तिनं कॉफीची पूड टाकली आणि अख्खा कप तोंडावर उडाला. आता यात मशीनचा दोष नाही तर कुणाचा? गप्प पाण्यात एवढं काही असतं, हे मला बाईला काय ठाऊक? तसंच लिहा. ही नोकरी गेली तर मला कोण दारात उभं करणार?

हे काय, पाणी कशाला ठेवलंत? तपासायला? त्या गुळगुळीत काचेच्या कपात? बरं... ठेवा. किती मिनिटं? — चार! — नाही, मी कुठे काय म्हणतेय. मी इथे दाराशीच बरी. झालं, वाजलं. काढा — अहो, थर्मामीटर घालू नका! मागे व्हा! तोंड फिरवा! एक मिनिट हलवायचंसुद्धा नाही त्याला, मग लांबून लाकडी काडी सोडायची, की उसळी आतच मोडते, तिच्या कपात मी रोज तस्सं...

...

असं बघू नका दादा.

सोडली नाही त्या दिवशी. काडी हातात होती, हो, हातातच होती, आणि मी ब्र काढला नाही. बोट भाजेल जरासं, एवढंच मनात होतं — देवाशपथ, एवढंच.

लिहा तुम्हाला काय लिहायचं ते. आणि जाताना तो कप तुम्हीच रिकामा करा. मी नाही हात लावणार. जा आता.